मूळ प्रतीशी पडताळलेला चमचा

आमच्या मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर एक पेटी आहे. वाजवायची पेटी. तिच्यावर जुनी चादर आहे आणि चादरीवर धूळ. चाळिशीत मला संगीताची हौस आली तेव्हा मी ती आणली, सोळा दिवस सकाळ-सकाळ वाजवली, आणि सतराव्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "अजी, तिसरा सूर थोडा हुकते वाट्टे." मी भाता बंद केला, चादर घातली आणि पेटी कपाटावर चढवली. ती पुन्हा खाली आली नाही.

मी असाच आहे. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं लिपिक होतो. साहेबांनी माझ्या टिपणीत एक खोड काढली तर मी अख्खी टिपणी फाडायचो आणि म्हणायचो, आता दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. चूक केल्याचं मला फारसं काही वाटत नाही, पण ती कोणी दाखवली की माझं डोकं फिरतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी जिना चढताना छाती भरून आली म्हणून सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी रक्ताचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. म्हणाल्या, काका, रक्तात चरबी फार आहे. गोळी देते, रोज चाला, आणि तेल कमी करा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाहू. उतरलं नाही तर तार घालून हृदयाची तपासणी करावी लागेल.

बाकी सगळं मी ऐकलं नाही. तार तेवढी ऐकली.

माझे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले. आणि त्या दिवशी दवाखान्यात बसलो होतो तेव्हा मला एकसष्टावं लागायला चार महिने होते. वडील जेवता जेवता गेले. रविवार होता, घरात गोळाभात होता. आमच्याकडे भातात डाळीच्या भरड्याचे गोळे शिजवतात, ते ताटात कुस्करतात आणि वरून मोहरी-मिरचीचं कडकडीत तेल पळीनं ओततात. भातात तेल जिरून ताटाला लागलं पाहिजे, नाहीतर वाढणारीचा हात आखडता म्हणायचा. वडील म्हणाले, "सूनबाई, अजून एक पळी." ती वाढली गेली, त्यांनी एक घास घेतला आणि भिंतीला टेकले. पळी माझ्या बायकोच्या हातात होती. त्या तेलानं काही झालं नाही, ते व्हायचंच होतं, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. तिनं मान डोलावली. त्यानंतर आमच्या घरी गोळाभात झाला नाही, पण बाकीचा स्वयंपाक होता तसाच राहिला. कारण तिला दुसरा येतच नव्हता.

तिचं माहेर समुद्रपूरचं. तिकडचा हात सैल. ती तेल कधी मोजायची नाही, कॅनमधूनच धार सोडायची आणि धार थांबायची ती तिच्या मनात काहीतरी भरल्यावर. तिच्या वांग्याच्या रश्श्यावर बोटभर तर्री यायची, म्हणजे लाल तेलाचा असा थर की खाली वांगं आहे की बटाटा, हे चमचा बुडवल्याशिवाय कळू नये.

दवाखान्यातून आल्यावर चार दिवस तिनं कमी तेलाचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी कॅन उचलायची आणि सवयीनं धार पडायचीच. पाचव्या दिवशी तिनं कॅन खाली ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"माह्या हातानं होत नाई," ती म्हणाली. "मले भेव वाट्टे."

"मंग मी करतो," मी म्हणालो.

आता हे मी प्रेमानं म्हटलं की तावानं, ते मला आजही सांगता येणार नाही. चौतीस वर्षांत मी त्या खोलीत पाणी प्यायलाच जात होतो.

पुण्याला असलेल्या मुलीनं हे ऐकलं आणि आठवड्यात एक पुस्तक पाठवून दिलं. रोजचा स्वयंपाक आरोग्याला जपून कसा करावा, याचं सचित्र पुस्तक. जाड, गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर फोटो. कांदा कसा धरायचा, सुरी कशी धरायची, वाफ कशी द्यायची, कोरडं कसं भाजायचं, सगळं पायरीपायरीनं. मला ते पाहताक्षणी आवडलं. ही नियमपुस्तिका होती, आणि नियमपुस्तिका वाचण्यात माझी हयात गेली आहे.

सुरुवातीची दहा-बारा पानं मी सोडून दिली. कोणत्याही सरकारी पुस्तकात सुरुवातीची पानं म्हणजे मोठ्या लोकांचे फोटो आणि संदेश. खरं कलम नेहमी मागे असतं.

पहिल्या दिवशी दुधी केला. पुस्तकात लिहिलं होतं, 'तेल : एक चमचा', आणि शेजारी पानभर फोटो : कढईवर धरलेला चमचा, त्यातून पडणारं सोनेरी तेल. आता चमचा म्हणजे कोणता चमचा? घरात चहाचा आहे, पोह्यांचा आहे, साखरेच्या डब्यातला आहे, देवाचा आहे. अंदाजानं काम करणाऱ्यांतला मी नव्हे. कचेरीत नक्कल आली की ती मूळ प्रतीशी पडताळून पाहायची आणि मगच सही करायची, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी मांडणीतले सगळे चमचे काढले आणि एकेक करून त्या फोटोवर ठेवून पाहिले. चहाचा चमचा फोटोत हरवला. पोह्यांचा निम्म्यावर आला. शेवटी तेलाची पळी ठेवली, तर काठाला काठ आणि दांड्याला दांडा. जणू आमच्याच पळीचा फोटो काढून नेला होता.

मी पळी भरली. वाटीतली आमटी मावेल एवढं तिचं पोट. तरी मला ते उपासाचंच वाटलं, कारण मी पाहिलेली होती ती धार.

बायको दारात उभी होती. तिनं पळी पाहिली, पुस्तक पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मधल्या खोलीत गेली, कपाटाकडे कुठेतरी, आणि तिनं तोंड मिटलं.

"करा तुम्ही," ती म्हणाली. "पण वाढाचं मी पाहीन. वाढाले कोणाले हात लावू देनार नाई."

एवढा मान तिला द्यायला माझी हरकत नव्हती.

मग सुरू झालं. सकाळी मी पुस्तक पाटावर उभं करायचो, चष्मा लावायचो आणि शिकायचो. भाज्या मोठ्या चिरायच्या, म्हणजे सत्त्व जात नाही. मसाला आधी कोरडा भाजायचा. मटकीला मोड आणायचे. कोथिंबिरीची वडी तळायची नाही, नुसती वाफवायची. शिकलेलं सगळं मी बायकोला समजावून सांगायचो. चौथ्या धड्यात भाजीवर झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घालायची युक्ती होती, म्हणजे खालची भाजी वाफेवर शिजते आणि करपत नाही. मी तिला बोलावून ते झाकण दाखवलं, वाफ वर जाऊन खाली कशी उतरते ते बोटानं हवेत काढून दाखवलं.

"माही माय असंच करे," ती म्हणाली. "मी बी करतो."

"पण त्याच्या मागचं कारण तुले मालूम होतं का?"

"नाई," ती म्हणाली, आणि शांतपणे ऐकत राहिली. मला वाटलं, बाईला शेवटी शिक्षणाची गोडी लागली.

भांडणं व्हायची ती जेवणाच्या वेळी. पुस्तकात प्रत्येक पदार्थाखाली लिहिलेलं, 'गरमागरम वाढा.' मी गॅस बंद करून पाट गाठायचो, आणि ती म्हणायची, "दहा मिनिटं निवू द्या." रोज दहा मिनिटं. शिवाय कढई सरळ ठेवायची नाही. एका बाजूखाली उलथनं सरकवून तिरपी करून ठेवायची. मी दोनदा उलथनं काढून कढई सरळ केली आणि बजावलं की, स्वयंपाकघरात शिस्त पाहिजे. ती "हाव" म्हणाली आणि मी वळताच उलथनं परत गेलं. त्या दहा मिनिटांत मला ती बाहेर पिटाळायची, तुळशीला पाणी घालून या, फाटक लावून या. फाटकावरून आठवलं. आमचं लोखंडी फाटक बारा वर्षं असं किंचाळायचं की पाहुणा आल्याचं पलीकडच्या गल्लीत कळायचं. त्या दिवसांत कधीतरी ते गप्प झालं. बिजागऱ्या थोड्या पिवळसर दिसल्या, पण मी तेव्हा मोड आलेल्या मटकीच्या विचारात होतो.

प्रत्येक घासानंतर मी तिला विचारायचो, "कसं झालं?"

"चांगलं झालं," ती म्हणायची.

रोज तेच. मला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं.

मधे एकदा माझा साळा समुद्रपूरहून एसटीनं आला. मी पाटवडीचा रस्सा केला. वड्या पुस्तकाच्या नियमानं वाफवलेल्या, रश्श्याला मोजून दोन चमचे तेल, म्हणजे दोन पळ्या. बायकोनं वाढलं. साळ्याच्या वाटीत लालभडक तर्री तरंगत होती आणि माझ्या वाटीत नुसता रस्सा. पाहुण्याला तर्री वाढायची, हा आमच्याकडचा रिवाज, तेव्हा त्यात मला खटकण्यासारखं काही नव्हतं. फक्त तोंडाला पाणी सुटलं.

साळ्यानं तीन वाट्या रस्सा ओढला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "भाऊजी, पथ्याचं जेवन असं असते तं मी बी उद्यापासून बिमार पडतो."

मी त्याला पुस्तक दाखवलं. त्यानं पानं उलटली, आतल्या गोऱ्या-गोमट्या भाज्यांकडे पाहिलं आणि बहिणीला विचारलं, "ताई, हे सगळं भाऊजी करतात?"

"तेच करतात," ती म्हणाली. "मी फक्त वाढतो."

तीन महिने होत आले तशी माझी झोप उडाली. दिवसा मी पुस्तकातली पानं पाठ म्हणत फिरायचो, पण अंथरुणावर पडलं की भिंतीला टेकलेले वडील दिसायचे. रक्त द्यायला जायच्या आदल्या दिवशी आम्ही केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. पायऱ्या चढताना मी छातीकडे लक्ष ठेवून होतो. काही झालं नाही. देवापुढे बायको इतका वेळ हात जोडून उभी राहिली की मागच्या लोकांनी बाजूनं वाट काढली. मी विचारलं, काय मागितलं? ती म्हणाली, मागितलं नाही, कबूल केलं. काय कबूल केलं ते सांगेना.

रक्ताचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो नीट वाचला आणि हसल्या. चरबी उतरली होती. तार घालायची आत्ता गरज नाही, जे करता आहात तेच चालू ठेवा, म्हणाल्या. मला काय झालं ते सांगतो. मी खुर्चीतल्या खुर्चीत ढसढसा रडलो, आणि मग नाक पुसून त्यांना पुस्तकाविषयी पाऊण तास सांगितलं. बाहेर रांग लागली होती. बायको खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होती.

त्या आनंदात मुलगी पुण्याहून आली. मी म्हणालो, आज तुझ्यासमोर करून दाखवतो. वांगं चिरलं, मसाला कोरडा भाजला, प्रत्येक पायरीला तिच्याकडे पाहत गेलो. मग पुस्तक उघडलं, 'एक चमचा' यावर बोट ठेवलं, पळी भरली आणि कढईत ओतली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे काय होतं?"

"एक चमचा तेल."

"ही पळी आहे."

मी तिला फोटो दाखवला. पळी पुसून त्यावर ठेवून दाखवली, काठाला काठ. ती आधी हसली, मग हसायची थांबली. तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मी सोडून दिलेल्या पानांपैकी पहिलंच उघडलं आणि वाचलं : या पुस्तकात चमचा म्हणजे चहाचा चमचा समजावा. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मोठी करून छापली आहेत.

कढईतलं तेल तडतडत होतं. माझे कान तापले. मी गॅस बंद केला, पुस्तक मिटलं, खांद्यावरचं फडकं ओट्यावर टाकलं.

"आजपासून बंद," मी म्हणालो. "ज्याले येते त्यानं करा."

"पण मग रक्त कसं सुधारलं?" मुलगी म्हणाली. "रोज दोन्ही वेळा एवढं तेल पोटात गेलं असतं तर..."

बायकोनं फ्रिज उघडला. लोणच्याच्या मागे हात घातला आणि एकेक करून तीन काचेच्या बरण्या ओट्यावर ठेवल्या. तिन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. आत लाल-पिवळं तेल, तळाशी मसाल्याचा गाळ, एकीत कढीपत्त्याचं एक पान.

"हे तुमचं पथ्य," ती म्हणाली.

मी बरण्यांकडे पाहिलं. दहा मिनिटं निवू द्या. तिरपी कढई. तुळशीला पाणी घाला. निवलं की तेल वर येतं, तिरपं केलं की एका कडेला जमतं. तिला फक्त ते काढून घ्यायचं होतं.

"अन् फाटक?" मी विचारलं.

"बरण्या पुरल्या नाईत," ती म्हणाली. "तेल फेकाची हिंमत होत नाई."

"तुले पयल्या दिवसापासून मालूम होतं?"

"पयल्या पानावर लिहून आहे. पुस्तक आलं त्या रातीच, तुम्ही झोपले तेव्हा वाचलं मी."

"मंग काऊन नाई सांगतलं?" माझा आवाज चढला होता. "तीन महिने मले येड्यासारखं करू देलं. एक शब्द बोलली असती."

तिनं हनुवटीनं दारातून मधल्या खोलीकडे खूण केली. मी वळून पाहिलं. कपाट होतं. कपाटावर चादर होती आणि चादरीखाली पेटी.

"ते मले पुसा लागते दर दिवाळीले," ती म्हणाली. "तिच्या बाजूले हे पुस्तक बी ठेवलं असतं तुम्ही. मंग मले पुन्हा हाती कॅन घ्या लागला असता. बाबाजींले मी वाढलं होतं. तुमाले वाढून मले तसं पाहाचं नव्हतं."

मग फडक्याची घडी करत म्हणाली, "अन् मले बी आयतं भेटत होतं नं. चौतीस वर्षांत पयल्यांदा."

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मला रागवायचं होतं, पण राग कुठून सुरू करावा ते सापडेना. मी तिन्ही बरण्या उचलून फ्रिजमध्ये परत ठेवल्या, लोणच्याच्या मागे, होत्या तशाच. मग ओट्यावरचं फडकं पुन्हा खांद्यावर घेतलं. कढईतलं तेल वाटीत काढलं, चहाचा चमचा शोधला आणि त्यानं मोजून एक चमचा परत घातला. एवढंसं तेल कढईच्या तळाशी कुठे गेलं तेही दिसेना. मी त्यातच वांगं परतलं, झाकण ठेवलं, झाकणात पाणी घातलं.

तिघंही जेवायला बसलो. मी वाढलं. दहा मिनिटं कोणी मागितली नाहीत. भाजीचा रंग भिजलेल्या कागदासारखा होता.

"कसं झालं?" मी सवयीनं विचारलं.

बायकोनं घास खाल्ला. माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली.

मुलीचा घास हातातच राहिला. मी पाण्याचा घोट घेतला.

"आज?"

"रोजच राह्यते," ती म्हणाली. "तीन महिन्यांपासून."

जेवण झाल्यावर मी चष्मा पुसला, खुर्ची ओट्याजवळ ओढली आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.